सागाची पाटी, लोखंडी खांब आणि समोरून न दिसणारी पकड

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. दापोलीजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घरगुती निवासाची जागा आहे. फाटकापाशी लावायला सागाच्या चार आडव्या फळ्या जोडून केलेली पाटी तयार आहे. सहा फूट लांब, तीन फूट उंच, दीड इंच जाड, अक्षरं कोरलेली. दोन लोखंडी चौकोनी खांब उभे करून त्यांच्या पुढच्या अंगाला ती बसवायची आहे आणि समोरून एकही स्क्रू दिसायला नको. सुतार म्हणतो, समोरून स्क्रू मारतो आणि वर लाकडी गुट्ट्या ठोकून रंधा फिरवतो, काही दिसणार नाही. फॅब्रिकेटर म्हणतो, खांबाला पट्ट्या वेल्ड करू आणि पाटी सिलिकॉनने चिकटवू. कोणाचं ऐकावं?

माझं मत विचाराल तर दोघांचंही नको. रत्नागिरी जिल्ह्यात सव्वीस वर्षं लाकूड आणि लोखंड दोन्हींत काम करतोय. पाटी समोरून स्वच्छ दिसावी ही तुमची इच्छा अगदी रास्त आहे. पण पकड पाहुण्याच्या नजरेपासून लपवायची असते, तुमच्या हातापासून नाही. सागाची पाटी दर एक-दोन वर्षांनी उतरवून तेल पाजावं लागतं. गुट्टी ठोकून बुजवलेला स्क्रू किंवा चिकटवलेली पाटी लाकूड न फोडता उतरत नाही. म्हणून सगळी पकड मागच्या अंगाला घ्या आणि ती एका पान्याने सुटेल अशी ठेवा.

आता या पाटीवर जोर किती येतो तो हिशेब करू, कारण नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. त्यांना वाटतं, प्रश्न वजनाचा आहे. सहा बाय तीन, दीड इंच साग म्हणजे चाळीस किलोच्या आसपास. एवढं वजन दोन चांगले हूक सहज पेलतात. खरा जोर वाऱ्याचा. वाऱ्याचा दाब काढायचं साधं सूत्र आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता, आणि दापोली-मंडणगडच्या बागांचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दाब निघतो चौरस मीटरला ६८ किलोच्या घरात. तुमची पाटी पावणेदोन चौरस मीटरला थोडी कमी, आणि मोकळ्यावरच्या सपाट पाटीला वारा त्याच्या १.२ पट जाणवतो. म्हणजे साधारण १४० किलो. भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटरचा मूळ वेग दिला आहे. तो धरला तर हाच आकडा २३५ किलोच्या आसपास जातो. मी किनाऱ्याजवळच्या कामाला हाच मोठा आकडा धरतो.

आणि हा जोर दोन्ही बाजूंनी येतो. समोरून वारा आला तर पाटी खांबावर दाबली जाते, तेव्हा पकडीला फारसं काम नसतं. पण वारा मागून आला की तो पाटीला खांबापासून सोलून काढायला बघतो. तेव्हा २३५ किलोची ओढ थेट तुमच्या न दिसणाऱ्या पकडीवर येते. सिलिकॉनला अशी सोलणारी ओढ सगळ्यात वाईट. काचेवर किंवा ॲल्युमिनियमवर तो चांगला धरतो, पण सागाच्या अंगात तेल असतं. सिलिकॉन लाकडाला चिकटतच नाही असं नाही, मात्र तो वरच्या तेलकट, पावसाने सुटत चाललेल्या थराला चिकटलेला असतो. एक दिवस तो थरच लाकडापासून सुटतो आणि सिलिकॉनची पट्टी लाकडाच्या भुशासकट खांबावर राहते. अशी पट्टी मी खरवडून काढलेली आहे.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: लाकूड हलतं. लांबीत नाही, रुंदीत. तुमच्या फळ्या आडव्या आहेत, म्हणजे सहा फुटांच्या मापात वर्षभर काही फरक पडणार नाही. पण तीन फुटांची जी उंची आहे, ती मे महिन्यात एक असेल आणि ऑगस्टमध्ये दुसरी. सागासारख्या शहाण्या लाकडातसुद्धा कोकणातल्या दमटपणाने तीन फुटांत दोन-तीन सुतांचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक पडतो. फळ्या कशा कापल्यात त्यावर तो कमीजास्त होतो, पण पडतो नक्की.

हे मी अनुभवातून शिकलो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बागायतदाराच्या फाटकाला फणसाच्या लाकडाची पाटी केली होती. एप्रिल महिना, लाकूड खडखडीत कोरडं. पाठीला दोन उभ्या पट्ट्या लावल्या, खाली डिंक, वर सहा-सहा स्क्रू, सगळं घट्ट. जुलैच्या मध्यावर बोलावणं आलं. जाऊन बघतो तर पाटीला पोट आलेलं. पाठ पट्ट्यांनी जखडलेली, पुढचं अंग पाणी पिऊन फुगलेलं, त्यामुळे पाटी पुढे कमानीसारखी वाकली होती आणि खालचे दोन स्क्रू आपल्या भोकांतून निम्मे बाहेर ओढले गेले होते. मी ते परत घट्ट केले. तेच चुकलं. जानेवारीत लाकूड सुकलं, आकसायला जागा नव्हती, आणि मधला सांधा वरपासून खालपर्यंत उकलला. ती पाटी मी माझ्या खर्चाने नवीन करून दिली, आणि त्यानंतर लाकडाच्या पाठीवर एकही पट्टी जखडून मारलेली नाही.

गुट्टीच्या पद्धतीचं दुखणं हेच आहे. समोरून मारलेला स्क्रू पाटीला खांबाशी जखडतो. शिवाय गुट्टी आणि भोवतालचं लाकूड वेगवेगळं फुगतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गुट्टीभोवती केसाएवढी गोल रेघ दिसते, त्या रेघेतून पाणी आत शिरतं आणि स्क्रूच्या डोक्यावर थांबतं. स्क्रू साध्या लोखंडाचा असेल तर गंज आणि लाकडाचा रस मिळून काळा डाग बाहेर येतो. दारं-खिडक्यांना, घराच्या आत, गुट्टी सुंदर काम आहे. पावसात उघड्यावर नको.

मग करायचं काय? जुना पलंग आठवा. त्याच्या लांब बाजूच्या पट्टीच्या टोकाला खाली वळलेले हूक असतात. ते पायाच्या खाचेत वरून सोडले की पट्टी स्वतःच्या वजनाने घट्ट बसते आणि बाहेरून काही दिसत नाही. तुमच्या पाटीला मी नेमकं हेच करीन. वर दोन हूक, खाली दोन बोल्ट.

पाटीच्या पाठीला, जिथे खांब येणार त्या दोन रेषांवर, ५० बाय ६ एमएमची एकेक उभी लोखंडी पट्टी घ्या, अडीच फूट लांब. खांबांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत चार फूट ठेवा, म्हणजे दोन्हीकडे एकेक फूट पाटी बाहेर राहील. प्रत्येक पट्टीला चार बोल्ट, दर फळीच्या मध्यावर एक. यामुळे उद्या एखादा सांधा उकललाच तरी प्रत्येक फळी आपापल्या बोल्टवर धरलेली राहील. या पट्ट्या पाटीला ताठ ठेवतील, पण तिला फुगू-आकसू देतील, कारण वरचं एक भोक गोल ठेवायचं आणि खालची तिन्ही लांबट. गोल भोक पाटीला जागेवर धरतं, बाकीची हालचाल खाली उतरते.

लांबट भोकात बोल्ट घट्ट आवळला तर तो हलत नाही आणि ढिला ठेवला तर वाऱ्याने सुटतो, ही अडचण खरी आहे. त्यावर लेथवाल्याकडून छोट्या नळ्या करून घ्या. बाहेरून १२ एमएम, आतून साडेआठ, लांबी साडेसहा एमएम. पट्टीतलं भोक १३ रुंद आणि २५ लांब. पट्टीची जाडी ६ आणि नळी साडेसहा, म्हणजे बोल्ट नळीवर गच्च बसतो आणि पट्टीला अर्ध्या एमएमची मोकळीक मिळते. वर तीस एमएमचा मोठा वायसर. आता बोल्ट पूर्ण ताकदीने आवळा, पट्टी तरीही बोटाने सरकेल. जोडणी मे महिन्यात करत असाल तर खालचे बोल्ट लांबट भोकाच्या वरच्या टोकाकडे ठेवा, कारण पावसात लाकूड खाली उतरणार आहे. पावसाळ्यात करत असाल तर उलट.

हे बोल्ट लाकडात कशात बसणार? लाकडाचा स्क्रू नको, कारण चार वेळा काढला-घातला की भोक खराब होतं. पितळी इन्सर्ट वापरा, एम८ चे, म्हणजे ८ एमएमच्या बोल्टचे. बाहेरून लाकडात रुतणारे मोठे आटे, आतून बोल्टचे आटे असलेली ती बुटकी नळी. जस्ताच्या मिश्रणाचे पांढरट इन्सर्ट स्वस्त मिळतात, पण समुद्राजवळ ते टिकत नाहीत. पितळेत स्टेनलेसचा बोल्ट जाम होत नाही, हा आणखी एक फायदा. भोक किती एमएमचं पाडायचं ते इन्सर्टच्या मेकप्रमाणे बदलतं. उरलेल्या सागाच्या तुकड्यात आधी दोन-तीन मापं करून बघा. हाताने चावी फिरवताना जोर लागला पाहिजे, पण लाकूड तडकता कामा नये. इन्सर्ट फिरवण्याआधी भोकाच्या भिंतीला थोडं अरल्डाइट लावा, आतल्या आट्यांत जाणार नाही इतकंच. कोरड्या सागात नीट बसलेला एक इन्सर्ट शंभर किलोच्या वरची ओढ आरामात घेतो. तुमच्याकडे आठ आहेत, जोर २३५ किलोचा आहे. जमलं.

इथे एक इशारा. पाटी दीड इंच म्हणजे ३८ एमएम. इन्सर्ट २० एमएमचा, भोक २२ चं. समोरच्या अक्षराची कोराई तीन सूत, म्हणजे साडेनऊ एमएम असेल, तर मागच्या भोकाच्या टोकात आणि अक्षराच्या तळात जेमतेम सहा एमएम लाकूड उरतं. ड्रिलला खोलीची खूण म्हणून कागदी टेप गुंडाळा, आणि भोक पाडण्याआधी पाटीच्या पुढच्या अंगाचं ट्रेसिंग काढून ते उलटं करून पाठीवर ठेवा. एखादा बोल्ट अक्षराच्या किंवा काना-वेलांटीच्या बरोबर मागे येत असेल तर फळीतल्या फळीत इंच-दोन इंच वर-खाली सरकवा. ड्रिलचं टोक अक्षरातून बाहेर आलेली पाटी दुरुस्त होत नाही.

आता हूक. प्रत्येक उभ्या पट्टीच्या वरच्या बाजूला, बोल्टांची जागा टाळून, ८ एमएमच्या चौकोनी गजाचा दोन इंची तुकडा आडवा वेल्ड करा आणि त्यावर ५० बाय ६ च्या पट्टीचा दोन इंची तुकडा असा ठेवा की तो गजाच्या खाली लोंबेल. झाला खाली उघडणारा हूक. खांबावर हेच उलटं: गज खाली, तुकडा वर, म्हणजे वर उघडणारा हूक. पाटी उचलून वरून सोडली की दोन्ही एकमेकांत जातात. फट आठची, तुकडा सहाचा, जस्ताचा थर धरूनही पुरेशी मोकळीक राहते. फटीत जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला की वाऱ्यात खडखड वाजत नाही. आणि या मांडणीत पाटीची पाठ खांबापासून जवळजवळ पाऊण इंच सुटी राहते. ती जागा बुजवू नका. तिथून वारा खेळतो म्हणून पाठ सुकते, नाहीतर खांबामागची पाटी आधी सडते.

खाली, प्रत्येक पट्टीच्या तळाशी मागच्या बाजूला एक कान, म्हणजे भोक पाडलेला पट्टीचा तुकडा, वेल्ड करायचा, आणि खांबाच्या आतल्या अंगाला दुसरा. पाटी हुकात बसली की दोन्ही कान एकमेकांशेजारी येतात. त्यातून एम१० चा बोल्ट आडवा जातो. वर हूक, खाली बोल्ट, दोन खांबांवर मिळून चार जागा. पाटी उचलून काढता येत नाही, मागून वारा आला तरी उघडत नाही, आणि तुम्हाला उतरवायची असली की दोन बोल्ट काढून दोन माणसांनी उचलायची. चोरीची भीती असेल तर या दोन ठिकाणी ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खळगा असलेले) घ्या, खळग्याच्या मध्ये दांडी असलेले, त्यांना वेगळी चावी लागते.

याहून सोपा मार्गही आहे, तोही सांगतो, कारण प्रत्येक गावात चांगला वेल्डर मिळेलच असं नाही. खांबाच्या मागून आरपार लांब बोल्ट घालून थेट पाठीच्या पट्टीत पकडायचा. चालतं. पण पोकळ पाइपातून बोल्ट आवळला की पाइप चेपतो, म्हणून आत नळी घालून ती दोन्हीकडे वेल्ड करावी लागते, आणि चाळीस किलोची पाटी चार भोकांसमोर धरून उभं राहायला तीन माणसं लागतात. हुकावर पाटी आधी टांगली जाते, हात मोकळे होतात. लाकडी खांब असतील तर मात्र मी हाच आरपार बोल्टचा मार्ग घेईन.

किल्लीच्या भोकासारख्या कीहोल पट्ट्या बाजारात मिळतात, त्या घराच्या आतल्या फोटोफ्रेमसाठी. त्यांचं नाव इथे नको.

खांबांकडे येतो. तीन इंची चौकोनी पाइप, जाडी ३.२ एमएम. पाटीचा मध्य जमिनीपासून सहा फुटांवर धरला तर वर सांगितलेला वारा हे दोन खांब व्यवस्थित घेतात. पैसे वाचवायला कोणी दोन इंची, दोन एमएमचा पाइप सुचवेल. तो ह्या जोराला पायाशी वाकतो. मी हिशेब मांडून बघितला आहे, आणि वादळानंतर रस्त्याकडेला वाकलेले असे खांबही बघितले आहेत.

शक्य असेल तर खांब जमिनीत गाडू नका. खाली २५० बाय २५० ची, १० एमएमची पाटणी, म्हणजे जाड लोखंडी प्लेट, वेल्ड करा, काँक्रीटमध्ये एम१६ चे चार जे-बोल्ट (खालचं टोक इंग्रजी जे सारखं वळवलेले) सोडा. पाटणीच्या खाली एक नट, वर एक नट. खालचे नट फिरवून दोन्ही खांब ओळंब्यात आणि एका पातळीत आणता येतात. न दिसणाऱ्या पकडीला ही अचूकता लागतेच, कारण एक खांब दोन सूत तिरका असला तरी दुसरा हूक बसत नाही. जांभ्यात दीड फूट चौरस, तीन फूट खोल खड्डा पुरे. काँक्रीटचा माथा जमिनीपासून चार बोटं वर आणि बाहेर उतरता ठेवा, आणि निदान सात दिवस पाणी मारा. जे-बोल्ट सोडताना प्लायचा सांगाडा करून चारही बोल्ट त्यात अडकवा, आणि दोन्ही खांबांचे सांगाडे एका लाकडी रिपेने जोडा, म्हणजे काँक्रीट ओतताना अंतर सरकत नाही.

पाटणीचा आणखी एक मोठा फायदा असा की हूक, कान, पाटणी सगळं वर्कशॉपमध्ये वेल्ड करून मग अख्खा खांब हॉट डिप गॅल्व्हनाइज करता येतो. जस्ताच्या टाकीत बुडवलेला खांब खाऱ्या हवेत रंगाच्या खांबापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. पाठवण्याआधी पाइपला वर आणि खाली भोकं ठेवायला विसरू नका. बंद पाइपात हवा-ओल अडकली तर टाकीत तो फुटतो, माणसं भाजतात. वरचं भोक नंतर टोपी लावून बंद करा, खालचं पाणी निघायला तसंच राहू द्या. आणि आधी गॅल्व्हनाइज करून मग जागेवर वेल्डिंग हा उलटा क्रम नको. टाका पडतो तिथलं जस्त जळतं, गंज तिथूनच सुरू होतो, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप येतो. करावंच लागलं तर टाक्याच्या जागचं जस्त आधी ग्राइंडरने काढा, वारा धूर तुमच्यापासून लांब नेईल असे उभे राहा, आणि नंतर जस्ताचा रंग दोन हात द्या.

हूक आणि कान बरोबर मापात यावेत म्हणून खऱ्या पाटीवर प्रयोग करू नका. दोन उभ्या पट्ट्या एका प्लायच्या लांब तुकड्यावर चार फुटांच्या अंतराने घट्ट बांधा. ही तुमची नकली पाटी. वर्कशॉपमध्ये दोन्ही खांब जमिनीवर समांतर आडवे टाकून, कर्ण मोजून, ही नकली पाटी त्यांच्यावर ठेवा, हूक एकमेकांत अडकवून आधी नुसते टाके मारा. कानातून बोल्ट घालून दुसरा कानही तसाच टाक्यावर धरा. काढून-घालून बघा. मगच पूर्ण वेल्डिंग. खांबाच्या कानातलं भोक थोडं लांबट ठेवा, जागेवर एखादा सूत इकडे-तिकडे झाला तर सांभाळलं जातं.

नटबोल्टबद्दल एवढंच. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं ‘फास्टनर द्या’ म्हणू नका, तुम्हाला भिंतीत ठोकायचा फास्टनर मिळेल. एम८ आणि एम१० चे स्टेनलेसचे बोल्ट, वायसर, नट असं सुटं सांगा. ३०४ ग्रेड सगळीकडे मिळतो आणि चालतो. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर आहे म्हणून ३१६ मिळाला तर तो घ्या, सोळा-अठरा नगांत खर्चाचा फरक फार नाही. पिवळसर किंवा चकचकीत पांढरा मुलामा दिलेले साधे बोल्ट एका पावसाळ्यात लाल होतात. आणि स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट मशीनने जोरात कोरडा फिरवू नका. आटे एकमेकांना चावतात आणि नट अर्ध्यावर असा जाम होतो की बोल्ट कापावा लागतो. थोडं ग्रीस लावा, हातानेच पाना फिरवा.

पाटीला स्वतःचीही थोडी काळजी लागते. वरच्या कडेला मागच्या बाजूला उतार काढा, फळीची कड पाणी पिते ते थांबतं. खालच्या कडेला, पुढून अर्धा इंच आत, एक सूत खोल खाच मारा, म्हणजे पागोळी तिथेच सुटते, मागे पट्टीकडे ओघळत नाही. आणि तेल किंवा पॉलिश जेवढे हात समोर द्याल तेवढेच पाठीला, दोन्ही टोकांना आणि भोकांच्या आतही. पाठ कोरी ठेवलेली पाटी एका बाजूने पाणी पिते आणि वाकते, मग पट्ट्या कितीही चांगल्या असोत.

हीच पाटी एसीपी पत्र्याची (ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये प्लास्टिकचा थर) असती तर मी वेगळं सांगितलं असतं. पत्र्याच्या चारही कडा मागे दुमडून ताटलीसारखा आकार करायचा आणि दुमडलेल्या कडेतून, बाजूने, आतल्या चौकटीला स्क्रू मारायचे. तिथे ताकदीची दुहेरी टेपही चालते, कारण पृष्ठभाग गुळगुळीत आणि कोरडा असतो, फक्त पूर्ण पकड यायला तीन दिवस द्यावे लागतात. लाकडावर ती टेप नको.

दरवर्षी मृगाआधी एकदा मागे जाऊन आठही बोल्ट आणि खालचे दोन बोल्ट हाताने तपासा, पाटी धरून हलवून बघा. तेलाची पाळी असेल त्या वर्षी दसरा झाला की उतरवून तेल द्या. हे काम दोन माणसांचं आणि अर्ध्या दिवसाचं आहे.

आणखी एक, जे मी आता न विसरता प्रत्येक पाटीला करतो. पाडव्याला आणि दसऱ्याला कोणीतरी प्रेमाने झेंडूचं तोरण घेऊन येतं, बांधायला जागा सापडत नाही, आणि मग पाटीच्या वरच्या कडेत खिळा ठोकला जातो. म्हणून उभ्या पट्ट्या करतानाच त्यांच्या वरच्या टोकाला मागच्या बाजूने एकेक छोटी स्टेनलेसची कडी वेल्ड करून घ्या, वरच्या कडेपासून दोन बोटं खाली. समोरून दिसत नाही, आणि तोरणाची दोरी तिथे बांधता येते.